पेशीची बोटं, पल्याडचा कुकारा

आमच्या घरासमोर ओढा, ओढ्यापलीकडे चढ, आणि त्या चढावर काकांचं घर. काका रक्ताच्या नात्यातले नव्हेत. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि ते एकाच वयाचे, एकाच रानात म्हशी राखून वाढलेले, म्हणून ते माझे पल्याडचे काका. मधली झाडी इतकी दाट की एका घरातून दुसऱ्याचं कौलसुद्धा दिसत नाही, सकाळचा धूर तेवढा दिसतो. मोबाइलची रेंज हवी तर मागच्या खडकावर चढावं लागतं, आणि तिथंही ती तिच्या मर्जीने येते. म्हणून आमच्याकडे अजून कुकारा चालतो.

कुकारा म्हणजे तोंडाभोवती दोन्ही हात धरून काढलेली लांब, उंच, बारीक ‘कूऽऽ’. जाड आवाज झाडीत अडकतो, बारीक आवाज वरून निघून जातो, असं आमच्याकडे मानतात. कुकाऱ्याला कुकारा द्यायचाच. तोंडात घास असेल तर गिळून द्यायचा, ताप असेल तर अंथरुणातून उठून द्यायचा. पुढचं बोलणं ओढ्यावर भेटून. उत्तर न देण्याचे अर्थ दोनच: घरात कुणी गेलंय, नाहीतर तुझा माझा संबंध आजपासून संपला.

यंदा दिवाळीनंतर मी सुगीसाठी घरी गेले, तेव्हा कॅसलरॉकला गाडीतून उतरल्यापासूनच मी अर्धवट झोपेत असल्यासारखी होते. धुकं होतं, जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती, आणि दिग्गीच्या वाटेला लागल्यावर रस्त्याकडेचं प्रत्येक झाड ओळखीचं वाटायला लागलं. घरी आल्यावर आईने चहा दिला, पण तिचा चेहरा उतरलेला होता. काय झालं विचारलं तर म्हणाली, “पल्याडचा कुकारा बंद झालाय.”

तिने हळूहळू सगळं सांगितलं. पावसाळ्यात काकांनी पुन्हा पुन्हा कुकारे दिले. ती शेतात असायची, घरी अण्णा एकटे ओट्यावर. अण्णांनी उत्तर दिलं नाही. एकदा काका स्वतः ओढ्यावरच्या लाकडी साकवापर्यंत आले, तिथून अण्णा त्यांना स्पष्ट दिसत होते. त्यांनी कुकारा दिला, अण्णांनी मान वर केली नाही. तेवढ्यात लांबच्या वळणावर जीप आली, तर अण्णांनी लगेच तिकडं बघितलं. काका तिथूनच परत फिरले आणि दसऱ्यापासून त्यांनी कुकारा दिला नाही. हे तिला मागाहून बाजारात कळलं, सांगितलं तर अण्णांना पटेना. त्यांचं उलटंच. त्यांचं म्हणणं, काकाच आता विचारत नाहीत, लेक गोव्यात नोकरीला लागल्यापासून हवेत आहेत.

“त्येंचं बग न्हाई तर आमचं बग, दोघंबी म्हाताऱ्या बाया रुसाव्यात तसं रुसल्यात,” आई म्हणाली. पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. भात पिकून वाकलं होतं. आमची कापणी आणि त्यांची कापणी हा पैरा मी जन्मायच्या आधीपासूनचा: ते आमच्यात येणार, आम्ही त्यांच्यात जाणार. पण भाताचं एक वेळ झालं असतं, मजूर मिळाले असते. अण्णांना दुसरा मित्र मिळाला नसता. त्या वयात, त्या रानात, मित्र नव्याने मिळत नाहीत.

माझं काम काय हे आता सांगायला हवं, जरी ते सांगताना मला नेहमी चिडायला होतं. मी बेंगळुरूला पेशींच्या बोटांवर काम करते. हे ऐकलं की लोक हसतात आणि उपयोग काय विचारतात. आईने तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, “बोटंच मोजायची हुती तर हितं काय कमी हुती?” असं विचारलं होतं.

पण खरंच बोटं असतात. काचेवर ठेवलेली जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की तिच्या कडेतून बारीक, लांब, सरळ काटक्या बाहेर येताना दिसतात. डोळ्याला दिसणाऱ्या कुठल्याही केसापेक्षा कितीतरी बारीक. त्या पुढे येतात, डुलतात, आजूबाजूला चाचपडतात, काही लागलं तर धरतात, नाही लागलं तर परत आत जातात, आणि शेजारून दुसरी येते. लहानपणी परसात कोनफळाच्या वेलाचा शेंडा हवेत आधार शोधत फिरायचा, तो मी तासन्‌तास बघत बसायचे आणि आई मला आळशी म्हणायची. त्याच आळशीपणाचा पुढे पगार मिळायला लागला.

त्या बोटाच्या आत अॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. एक धागा एकटा असेल तर पेशीची त्वचा ढकलताना वाकून जाईल. केरसुणीतली एक हीर वाकते पण मूठभर हिरांची जुडी वाकत नाही, तसे ते धागे एकमेकांना बांधलेले असतात. आणि धागा वाढतो कसा, ते तर मला अजूनही स्वप्नासारखं वाटतं. टोकाला त्वचा घट्ट टेकलेली, नवा कण शिरायला जागाच नाही. पण या जगात उबेमुळे सगळं सतत थरथरत असतं. त्या थरथरीत त्वचा क्षणभर पुढे सरकते, फट पडते, एक कण आत शिरून बसतो, आणि त्वचेला मागे यायला जागा उरत नाही. कुणी जोर लावत नाही. थरथर चालू असते आणि आलेली संधी कुणीतरी सोडत नाही, एवढंच. अशाने बोट लांब होतं.

कधी कधी आम्ही प्रकाशाच्या चिमटीत एक सूक्ष्म मणी धरतो, तो पेशीला चिकटवतो आणि हलकेच मागे ओढतो. त्वचेतून एक तंतू निघतो. तो अजून बारीक व्हायचा तर त्वचेला जास्त वळावं लागतं, जाड व्हायचा तर जास्त त्वचा ताणून आणावी लागते, आणि या ओढाताणीत त्याची जाडी आपोआप ठरते. मणी सोडला की तंतू परत आत जातो, काही झालंच नव्हतं अशा थाटात. मी त्या अंधाऱ्या खोलीत पडद्यावर हे बघत बसते आणि बाहेर आल्यावर बसचा नंबर वाचायला मला वेळ लागतो. माझ्या या जगात काही कायमचं जात नाही, एक बोट मिटतं आणि दुसरं येतं, आणि त्याची मला सवय झाली होती.

घरी आल्याच्या संध्याकाळी मी आणि अण्णा ओट्यावर बसलो होतो. दिवेलागणीची वेळ, ओढ्यावरून थंड वारा येत होता, आणि रानात किड्यांनी असा सूर धरला होता की बेंगळुरूहून आलेल्या माझ्या कानाला दडे बसायची वेळ आली. मी म्हणाले, “अण्णा, काय किरकिरतायत हो!”

“कोण?”

“किडे.”

अण्णा जरा वेळ रानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “कुटलं किडं गं बाय? आताशा किडंच ऱ्हायलं न्हाईत रानात. पैलं कशी किरकिर असायची, झोप लागायची न्हाई. आन् ती शीळ घालणारी कस्तूर, ती बी यंदा पावसात आली न्हाई. सगळं ओस पडाय लागलंय बग.”

चारी बाजूंनी किर्र चालू होतं. अंगणातल्या तुळशीपाशी एक किडा असा ओरडत होता की त्याची मुंडी मुरगळावी. आणि अण्णा त्या कल्लोळात शांत बसले होते, रान ओस पडल्याचं दुःख करत. मी उठून त्यांच्या मागे गेले आणि हलकीशी शीळ घातली. काही नाही. मग छातीतून खर्जात हुंकार भरला.

“शिमग्यातल्या घुमटावानी काय घुमतीस?” ते मागे न बघता म्हणाले.

तेव्हा मला सगळं कळलं, आणि कळल्याचा आनंद अजिबात झाला नाही. अण्णा तरुणपणी डोंगरातल्या मँगनीजच्या खाणीत भोकं पाडायच्या यंत्रावर होते. ती खाण कधीच बंद झाली, तिच्यावर आता जंगल आहे. पण त्या यंत्राने त्यांच्या कानात जे मोडलं ते आता वयाबरोबर उघडं पडत होतं. जीपचा आवाज जाड, गव्याचं फुरफुरणं जाड, घाट चढणाऱ्या मालगाडीची घरघर जाड. हे सगळं त्यांना ऐकू येत होतं, म्हणून आपला कान शाबूत आहे असं त्यांना वाटत होतं. आणि आईचं बोलणं? चाळीस वर्षांच्या संसारानंतर ती काय बोलणार हे ऐकायची गरजच नसते, असं आईच म्हणते.

सकाळी मी त्यांना सांगितलं. चुलीपुढे बसून, राखेत काटकीने रेघा ओढत. कानाच्या आत शंखासारखी वळत गेलेली एक पोकळी आहे. तिच्यात पेशी रांगेने बसल्यात. प्रत्येकीच्या डोक्यावर बोटांचा एक तुरा, लहान, त्याहून मोठं, त्याहून मोठं, पायऱ्यांसारखा. ज्या अॅक्टिनवर मी काम करते त्याचीच ही बोटं. लहान बोटाच्या टोकापासून शेजारच्या मोठ्या बोटापर्यंत एक अतिशय बारीक दोरा बांधलेला. आवाज आला की तुरा झुकतो, दोरा ताणला जातो, दोऱ्याने दार उघडतं, आणि पेशीला कळतं. बारीक आवाजाच्या पेशी शंखाच्या दाराशी, जाड आवाजाच्या खोल आत. दाराशी असतात त्या आधी जातात.

“म्हंजे माजी गेली.”

“बारीक आवाजाची. बरीचशी.”

अण्णांनी राखेतला तुरा नीट न्याहाळला. शेतकऱ्याने जे विचारायचं तेच त्यांनी विचारलं. “मग परत कवा उगवत्यात?”

“उगवत नाहीत, अण्णा. माणसाला जन्मताना मिळतात तेवढीच. कोंबडीला परत उगवतात. माशाला उगवतात.”

“कोंबडीला उगवत्यात आन् मला न्हाई?”

आई चुलीमागे हसली. अण्णाही हसले. मग हसणं थांबल्यावर ते म्हणाले, “तुज्या काचंवरच्या तर घडीघडीला उगवत्यात म्हणतीस. मग माज्या कानातल्याच का न्हाई?”

याचं उत्तर आहे, मी वर्गात देते ते. काचेवरच्या बोटांचं काम शोधायचं, ती मोडली काय, पुन्हा आली काय, बिघडत नाही. कानातल्या बोटांचं काम एका जागी उभं राहून आयुष्यभर तोल सांभाळायचं. पण वडिलांच्या तोंडाकडे बघून असलं काही बोलवत नाही. मला रडू आलं आणि मी धूर डोळ्यात गेल्याचं नाटक केलं. सुगी झाली की बेळगावला जाऊन कान तपासू, यंत्र मिळतं, असं म्हणाले. ते बरं म्हणाले आणि विळे काढायला उठले. मग दारातच थांबून त्यांनी हळूच विचारलं, “म्हंजे त्यो कुकारा देत हुता?”

“देत होते. खूपदा.”

अण्णांनी पलीकडच्या चढाकडे बघितलं. काकांकडे स्वतः जावं असं त्यांच्या मनात आलं असणार, ते मला दिसत होतं. पण ज्या माणसाला आपण महिनोन्‌महिने उत्तर दिलं नाही त्याच्या अंगणात कुठल्या तोंडाने उभं राहायचं? ते परत आत येऊन बसले.

दुपारी मी साकव ओलांडून काकांकडे गेले. काका अंगणात सुपाऱ्या पसरत होते. मला बघून चेहरा फुलला आणि लगेच आठवण झाल्यासारखा मिटला. त्यांनी पाणी दिलं, गूळ दिला, बेंगळुरूच्या हवेचं विचारलं, आणि अण्णांचं नावही काढलं नाही. शेवटी मीच विषय काढला.

“ऐकाय येत न्हाई? त्येला?” काका उसळले. “तुज्या बापाला जीप ऐकाय येत्या गं! म्हस हंबरल्याली ऐकाय येत्या! माजा कुकारा तेवढा ऐकाय येत न्हाई व्हय? साकवावर हुबा हुतो मी. त्यो पान लावत बसला हुता, हालला न्हाई.”

मी बारीक आणि जाड आवाजाचं सांगायला लागले. शंख, तुरा, दोरा, सगळं. काका सुपाऱ्या पसरत राहिले. “असं कुटं असतंय काय?” ते म्हणाले. “कान म्हंजे काय चाळण हाय, जाड तेवढं ऱ्हाईल आन् बारीक पडंल?” मला राग यायला लागला, कारण इतकं सोपं करून मी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. शहाणपण संपलं तेव्हा मी नुसतं काल संध्याकाळी घडलेलं सांगितलं.

“काका, त्यांना वाटतं रानातले किडे संपले. कस्तूर यंदा आलीच नाही असं वाटतं. रान ओस पडलं म्हणून वाईट वाटून घेतात.”

काकांचा हात सुपाऱ्यांवर थांबला. भर दुपार होती, तरी मागच्या जांभळीवर किडे लागलेलेच होते. काका त्या झाडाकडे बघत राहिले.

“ही एवढी किरकिर,” ते म्हणाले. “ही बी न्हाई?”

“ही पण नाही.”

काकांनी उरलेल्या सुपाऱ्या पसरल्या. मग म्हणाले, “जा घरला. ऊन झालंय.” एवढंच. मला वाटलं, जमलं नाही. साकवावर थांबून मी ओढ्याचं पाणी बघितलं आणि स्वतःवरच चिडले. पेशीची त्वचा किती जोराने ओढली की तंतू निघतो हे मला माहीत आहे, आणि दोन म्हाताऱ्यांना एकमेकांकडे चार पावलं ओढणं मला जमेना.

दुसऱ्या सकाळी धुकं इतकं उतरलं होतं की अंगणातली तुळस पण दिसत नव्हती. अण्णा ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होते. आई म्हशीखाली बसून दूध काढत होती. मी चहाचा पेला हातात धरून कुठेच बघत नव्हते.

आणि धुक्यातून आवाज आला. घुम्‌. जरा वेळाने पुन्हा, घुम्‌.

घुमट म्हणजे मातीच्या मडक्याच्या तोंडावर चामडं ताणून केलेलं वाद्य. आमच्याकडे शिमगा झाला की ते आढ्याला टांगतात. गणपतीला खाली येतं, पुन्हा वर जातं. सुगीच्या दिवसांत घुमटाला हात लावलेला मी कधी बघितला नव्हता. काकांसारखा रीत सांभाळणारा माणूस तर आढ्याकडे बघणारही नाही.

अण्णांचा विळा थांबला. “घुमट?” त्यांनी मान वर केली. “आत्ता?”

घुम्‌. मग थांबणं. कुकाऱ्यानंतर थांबतात तेवढंच, उत्तराला जागा ठेवून.

मी काही सांगायच्या आधी अण्णा उठले होते. ओट्याच्या कडेला गेले, दोन्ही हात तोंडाभोवती धरले, आणि इतक्या महिन्यांचा साठलेला कुकारा दिला. तो उंच गेला, बारीक झाला, धुक्यात शिरला. शेवटी जरा फाटला. मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली एक शंका होती.

“गेला काय गं बाय?” ते म्हणाले. “मला माजाच नीट ऐकाय आला न्हाई.”

“गेला, अण्णा. पार गेला.”

पलीकडून कूऽऽ आली. काका सवयीने विसरले असणार. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत उभे होते, मी ‘आला’ म्हणून मान डोलावली. मग पलीकडे काकांच्या लक्षात आलं असावं, कारण लागोपाठ दोनदा घुमट वाजलं, आणि अण्णा असे हसले की त्यांचे पानाने रंगलेले दात दिसले. म्हणाले, “कापणीला येतोय म्हणतोय.” घुमट तसं काहीच म्हणालं नव्हतं. पण काका आले, धुकं विरायच्या आत, स्वतःचा विळा घेऊन. दोघं शेताकडे उतरायला लागले, काका मुद्दाम अण्णांच्या पुढे, मागून हाक मारायची वेळ येऊ नये म्हणून.

पायरीवर अण्णा थांबले आणि मागे वळले.

“ते किडं,” त्यांनी मला विचारलं, “ते बी हायत काय गं अजून?”

“हायत, अण्णा,” मी म्हणाले. “लई हायत.”

“मग बरं हाय,” ते म्हणाले, आणि विळा खांद्याला लावून खाली उतरले.